आधी आईला, मग बाळाला

वाचकांचे प्रश्न, निवृत्त वैमानिकाची उत्तरं

मागच्या अंकात विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब गेला तर काय होतं, यावर चार ओळी खरडल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा संपादकांनी परवा घरी पाठवला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. कराडच्या पत्राला मात्र जरा जास्त जागा घेतो. तेच पत्र खाली सर्वांत वर आहे.

प्रश्न : कॅप्टनकाका, पुढच्या महिन्यात तीन वर्षांच्या मुलीला घेऊन मी पहिल्यांदा विमानात बसणार आहे, पुण्याहून दिल्लीला. मिस्टर तिकडे नोकरीला असतात. मास्क खाली आले की आधी स्वतः लावा, मग मुलांना, असं विमानात सांगतात म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "अशी कशी गं आई? आपण श्वास घ्यायचा आणि लेकरू गुदमरू द्यायचं?" खरं सांगायचं तर मलाही पटत नाही. तुम्ही काय केलं असतं?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. नातीचा एवढा जीव असणारी बाई दुसरं काय बोलणार? पण त्यांनी एक गोष्ट धरून चाललीय, की गुदमरलं की कळतं. तिथे कळत नाही, हीच तर सगळी गोम आहे.

नाक दाबून धरलं की जीव घाबरा होतो, तो आत साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. उंचावरच्या विरळ हवेत श्वास नेहमीसारखा आत-बाहेर चालू असतो, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत असतो, फक्त आत येणारा प्राणवायू तुटपुंजा. त्यामुळे शरीर ओरडत नाही. उलट बरं वाटतं. लग्नाच्या पंगतीत पोटभर जेवून लोडाला टेकल्यावर वाटतं ना, तसं.

हे मी ऐकीव सांगत नाही. हवाई दलात असताना आम्हाला बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये पाठवलं होतं. तिथे लोखंडी खोली असते, पाण्याच्या टाकीसारखी, जाड काचेच्या खिडक्या असलेली. आत बसवतात आणि पंपाने हवा ओढून घेतात. खोली जागची हलत नाही, पण आतली हवा २५,००० फुटांवरच्यासारखी विरळ होते. मग मास्क काढायला लावतात. हातात पाटी, कागद, पेन्सिल. "तोंडपाठ असेल ते काहीही लिहा," डॉक्टर म्हणाले. मास्तरांच्या छडीखाली पाढे घोकलेला मी. म्हटलं, एकोणतीसचा लिहू, जरा भाव खाऊ.

तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. हे लिहिताना समोर काढून ठेवलाय. २९, ५८, ८७, ११६, १४५ हे आकडे सरळ रेषेत, मास्तर खूश होतील असे. पुढे १७४. त्यातल्या चाराची शेपटी घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलीय. त्याखाली पुन्हा १७४. त्याखाली पुन्हा १७४. मग कावळा चालून गेल्यासारखे दोन-तीन ओरखडे, आणि संपलं. मास्क लागल्यावर मी पहिलं वाक्य बोललो ते असं : "झाला ना पुरा पाढा?" मी २९० पर्यंत पोचलोय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्याहून वाईट पुढेच आहे. मला तीनदा सांगण्यात आलं होतं, मास्क लावा. मी ते ऐकलं होतं. मान डोलावली होती. हात मात्र मांडीवरून उचलला नव्हता.

आता हिशेब मांडू. २५,००० फुटांवर माणसाकडे शुद्धीत राहून काही करण्याजोगी ३ ते ५ मिनिटं असतात. तुमचं विमान ३५,००० फुटांच्या आसपास उडेल, म्हणजे एव्हरेस्टच्याही बरंच वर. तिथे ती ३० ते ६० सेकंदांवर येतात, आणि दाब एकाएकी गेला तर त्याच्याही निम्म्यावर. तुमचा मास्क तुम्हाला लागायला पाच सेकंद पुरतात. तीन वर्षांच्या, घाबरलेल्या, मान फिरवणाऱ्या, हाताने ओढून काढणाऱ्या मुलीला लावायला किती? औषध पाजताना किती वेळ लागतो ते आठवा. तेवढ्यात तुमचा १७४ होतो. मग तिचा मास्क निसटला तर परत लावायला कोण आहे? ती काही तुम्हाला लावू शकत नाही. उलट क्रमाने, तुम्ही शुद्धीवर आणि ती काही सेकंद मलूल झाली, तरी मास्क तोंडावर आला की लेकरू परत डोळे उघडतं. त्या काही सेकंदांनी तिचं काही बिघडत नाही.

तुम्ही असता तर काय केलं असतं, असं विचारलंय. मी कॉकपिटमध्ये होतो, म्हणून मागे घडलेलं सांगतो. नागरी विमानसेवेत असताना एका रात्री दिल्लीहून चेन्नईला निघालो होतो, ३३,००० फुटांवर. शेजारी बसलेली को-पायलट वयाने माझ्या मुलीएवढी. ती एकदम शांतपणे म्हणाली, "सर, केबिन चढतंय." म्हणजे विमान जागच्या उंचीवर आहे, पण आतली हवा विरळ होत चाललीय, आतली 'उंची' वाढतेय. आम्ही दोघांनी आधी मास्क चढवले. हो, आम्हालाही तोच नियम : आधी मास्क, मग चर्चा. दाब हाताने सांभाळायचा प्रयत्न केला, जमेना. मग इंजिनांचा जोर काढला, पंखांवरचे स्पीडब्रेक उघडले, मेडे, म्हणजे संकटाची हाक, दिली आणि नाक खाली. मिनिटाला साधारण सहा हजार फूट. प्रवाशांना वाटतं विमान कोसळलं. कोसळत नसतं, मुद्दाम १०,००० फुटांवर आणत असतात, कारण तिथल्या हवेत मास्कशिवाय चालतं. चार मिनिटांचा मामला. त्या चार मिनिटांत आम्ही प्रवाशांशी गोड बोलत बसत नाही, त्याबद्दल रागावू नका. मास्कमधून बोलताना स्वतःचाच श्वास कानात लोहाराच्या भात्यासारखा वाजत असतो.

नागपूरला उतरलो. पहाटे आमच्या पर्सरबाईंनी, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखांनी, चहा पिताना सांगितलं. बाविसाव्या रांगेत एक बाई होत्या, दोन मुलांना घेऊन. मास्क पडल्यावर त्यांनी थोरल्याला लावला. मग दुसरा मास्क घेतला आणि तोही थोरल्यालाच लावू लागल्या. धाकटा शेजारी तसाच, त्यांचा स्वतःचा मास्क समोर लोंबकळतोय. भीतीने की हवेने, कोण सांगणार. पर्सरबाईंनी आधी त्यांच्या तोंडावर मास्क दाबला, आणि दोन-चार श्वासांनंतर त्यांनी स्वतःच धाकट्याला लावला. सगळी सुखरूप होती.

आता कामाचं. मास्क वरून लोंबकळला की तो जोरात स्वतःकडे ओढा. त्या ओढण्यानेच प्राणवायू सुरू होतो, नुसता हातात धरून काही होत नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाकलं पाहिजे. पिशवी फुगली नाही तर घाबरू नका, हवा येत असते. मुलीला खिडकीशी बसवा, तुम्ही लगेच शेजारी. आणि जाण्याआधी आठवडाभर घरी खेळ खेळा : आमटीची वाटी आधी आईच्या नाकातोंडावर, मग छकुलीच्या. सासूबाईंनाही खेळायला घ्या.

प्रश्न : समजा वैमानिकांनाच भोवळ आली तर? मग तुमचे हे सगळे नियम कोण पाळणार?
— निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

उत्तर : तुमचा खवचटपणा आवडला. आणि असं घडलंय.

१४ ऑगस्ट २००५. सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालेलं हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७. आदल्या रात्री तंत्रज्ञांनी मागच्या दाराची तक्रार तपासायला जमिनीवरच केबिनमध्ये दाब भरून पाहिला. त्यासाठी दाबाचा खटका 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर नेला, आणि तो तसाच राहिला. सकाळी वैमानिकांच्या तपासणीतही तो निसटला. विमान चढत गेलं, आतली हवा विरळ होत गेली, भोंगा वाजला. आता दुर्दैव बघा : जमिनीवर उड्डाणाची मांडणी चुकली तर वाजतो तोच हा भोंगा. आवाज एकच, अर्थ दोन. त्यांनी पहिला अर्थ घेतला आणि बुचकळ्यात पडले, कारण हवेत तो वाजायचं कारण नाही. रेडिओवर कंपनीच्या इंजिनिअरशी बोलत राहिले. मास्क हाताशी होते. मी पाढा लिहीत होतो, ते रेडिओवर बोलत होते, एवढाच फरक.

ऑटोपायलटने विमान ३४,००० फुटांवर नेलं आणि अथेन्सजवळ घिरट्या घालत राहिलं. ग्रीक हवाई दलाची एफ-१६ विमानं बघायला गेली, तेव्हा कॅप्टनची खुर्ची रिकामी आणि को-पायलट मान टाकलेला दिसला. शेवटी एक माणूस कॉकपिटमध्ये शिरताना दिसला : आंद्रेआस प्रोद्रोमू, केबिन क्रू, ज्याने वैमानिकाचा परवानाही मिळवलेला होता. पण तोवर इंधन संपत आलं होतं. विमान ग्रामातिको गावाजवळ डोंगरावर आदळलं. १२१ जण गेले. पुढे त्या जातीच्या विमानांत भोंग्याबरोबर काय बिनसलंय ते अक्षरांत सांगणारे दिवेही बसवले गेले.

आपल्याकडेही थोडक्यात निभावलंय. २० सप्टेंबर २०१८ ला सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात १६६ प्रवासी होते. इंजिनांतून केबिनला हवा पुरवणारे खटके चालूच केले नव्हते. मास्क पडले, काहींच्या नाका-कानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परत फिरलं. कंपनीचं नाव घेऊन काय करायचंय, खटका कुठल्याही कॉकपिटमध्ये विसरता येतो. म्हणून तर तपासणीची यादी तोंडपाठ असली तरी रोज वाचून काढायची असते. मी बत्तीस वर्षं वाचली आणि घरी सौ. अजून चेष्टा करते की मी गॅस बंद करतानाही मोठ्याने "बंद" म्हणतो.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खिडकी फुटली तर माणूस खरंच बाहेर ओढला जातो का? आणि खिडकीच्या काचेला खाली बारीक भोक का असतं?
— विद्यार्थी, इस्लामपूर

उत्तर : भोक आधी. खिडकीला तीन थर असतात. बाहेरचा दाबाचा भार घेतो, मधला त्याचा राखीव गडी, आणि आतला आपण कपाळ टेकवायचा. भोक मधल्याला असतं, म्हणजे दोन्ही बाजूंची हवा सारखी राहून सगळा भार बाहेरच्यावर पडतो, आणि बाष्पही धरत नाही.

आता ओढलं जाणं. होय, पण फुटलेल्या खिडकीशी बसलेल्याला आणि पट्टा नसलेल्याला. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॅप्टनसमोरचीच काच उडाली, सुमारे १७,००० फुटांवर. नवी काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला किंचित कमी वापरले होते. फरक मिलिमीटरपेक्षाही कमी. इंजिनिअर होणार आहेस, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिही. कॅप्टन टिम लँकेस्टर यांनी चढून झाल्यावर खांद्याचे पट्टे सोडले होते, कंबरेचा सैल केला होता. ते कमरेपर्यंत विमानाबाहेर गेले. केबिन क्रूने त्यांचे पाय धरून ठेवले, को-पायलट अलस्टर ॲचिसन यांनी विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं. लँकेस्टर वाचले, आणि काही महिन्यांत पुन्हा उडायला लागले.

आणखी एक, २८ एप्रिल १९८८, हवाई बेटं. अलोहा एअरलाइन्सच्या जुन्या ७३७ चं छप्पर २४,००० फुटांवर डब्याच्या झाकणासारखं उडालं, सुमारे १८ फूट लांब. एकच मृत्यू झाला, मधल्या वाटेत उभ्या असलेल्या केबिन क्रूचा. प्रवासी जखमी झाले, पण पट्टे बांधलेले होते, खुर्च्यांतच राहिले. पट्ट्याचा दिवा विझला की सगळ्यांचे पट्टे खटाखट सुटतात, तो आवाज मला निवृत्तीनंतरही ऐकवत नाही.

दाराबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय, कुणी वेड्याने उघडलं तर? वर असताना उघडतच नाही. दर चौरस इंचावर आतून साधारण आठ पौंड दाब असतो. दाराएवढ्या आकारावर तो दहा-अकरा टन होतो, आणि दार आधी आत ओढल्याशिवाय सुटत नाही. कोण पैलवान ओढणार? मात्र अगदी खाली आल्यावर हा फरक उरत नाही. मे २०२३ मध्ये कोरियात देगूला उतरताना सुमारे ७०० फुटांवर एका प्रवाशाने दार उघडलं होतं. विमान तसंच उतरलं.

प्रश्न : उतरताना माझे कान भयंकर दुखतात, चढताना नाही. म्हणजे विमानात दाब नसतो का?
— निवृत्त शिक्षिका, नागपूर

उत्तर : असतो बाई, पण जमिनीएवढा नाही. वर असताना केबिनची हवा फार तर ८,००० फुटांवरची असते, म्हणजे उटीपेक्षा थोडं उंच. म्हणून तर वेफर्सचं पाकीट फुगतं, आणि वर रिकामी करून बूच लावलेली पाण्याची बाटली खाली आल्यावर चेपलेली सापडते. तुमच्या कानाच्या पडद्यामागे त्या बाटलीचंच होतं. चढताना आतली हवा घशाकडून आपोआप निसटते. उतरताना परत आत घ्यायला नळी उघडावी लागते, आणि सर्दी असेल तर ती बंद. उतरायला लागलं की झोपू नका, गोळी चघळा, आवंढे गिळा, जांभया द्या. नाक धरून हलकेच फुंकर मारा, जोर नको. तान्ही मुलं असतील तर त्यांना तेव्हाच पाजावं. नाक गच्च असेल तर डॉक्टरांना विचारून जा, जमल्यास तिकीटच पुढे ढकला.

प्रश्न : आम्ही मालवणात पर्यटकांना स्कूबा करवतो. सकाळी बुडी आणि दुपारी गोव्यातल्या मोपावरून विमान, असं करणारे पुष्कळ येतात. आम्ही नको म्हटलं तर ऐकत नाहीत. तुम्ही काहीतरी लिहा.
— एक डायव्हर, मालवण

उत्तर : लिहितो, आणि हे पान कापून दुकानात लावा. पाण्याखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघायला वेळ लागतो. त्याआधीच उटीएवढ्या उंचीच्या केबिनमध्ये जाऊन बसलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे निघतात, सांध्यांत, कधी मणक्यात. एकच साधी बुडी असेल तर किमान १२ तास, लागोपाठ बुड्या असतील तर किमान १८. चिपीचं विमान असो नाहीतर मोप्याचं, शरीराला फरक पडत नाही. सरळ उपाय म्हणजे स्कूबा सहलीच्या पहिल्या दिवशी आणि माशांचं जेवण शेवटच्या.

एक दुरुस्ती

मागच्या अंकात प्रवाशांच्या डोक्यावरच्या प्राणवायूला मी सरसकट 'सिलिंडर' म्हणून गेलो. इगतपुरीच्या एका रसायनशास्त्राच्या बाईंनी कान धरला, रास्तच. काही विमानांत खरंच सिलिंडर असतात, पण बऱ्याच विमानांत छतात छोटे डबे असतात, सोडियम क्लोरेट आणि लोखंडाची पूड भरलेले. मास्क ओढला की पिन सुटते, आत रासायनिक क्रिया सुरू होते आणि प्राणवायू निघतो, १२ ते १५ मिनिटं किंवा थोडा जास्त. एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही. डबा चटका बसेल इतका तापतो आणि केबिनमध्ये जळकट वास सुटतो. आमच्या त्या नागपूरच्या रात्री निम्म्या प्रवाशांना आग लागली असंच वाटलं होतं.

बाईंनी पुढे विचारलंय, की मुदत संपलेला असा एखादा डबा शाळेला प्रयोगासाठी मिळेल का. नको, बाई. ११ मे १९९६ ला फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत व्हॅल्यूजेटचं विमान पडलं, ११० माणसं गेली, ती असेच मुदत संपलेले डबे सुरक्षेची टोपणं न लावता सामानात भरल्यामुळे. तुम्ही आपलं पोटॅशियम परमँगनेट तापवा.